बियांतून वेलगुलाब

गुलाबाचं बी मागायला नर्सरीत गेलात, तर नर्सरीवाला तुमच्याकडे जरा संशयानंच पाहील. नंदुरबार, शहादा, तळोदा, कुठेही जा. गुलाब मिळतो तो काळ्या पिशवीतलं रोप म्हणून. त्या एका रोपात दोन झाडं नांदत असतात. खाली काटक जातीचा खुंट आणि वर, खुंटाच्या सालीत बसवलेल्या एका डोळ्यातून वाढलेला, लेबलवरच्या नावाचा गुलाब. डोळा भरण्यात हात बसलेला माळी एका दिवसात शेकडो रोपं उरकतो आणि त्यातलं प्रत्येक रोप मूळ झाडाची हुबेहूब नक्कल असतं. वेलगुलाबही असाच तयार होतो. शंभर-दीडशे रुपयांत तयार रोप मिळत असताना बियांच्या वाटेला जायचंच कशाला?

याचं सरळ उत्तर असं की तुम्हाला दारावर एखादा ठरावीक, नाव माहीत असलेला वेलगुलाब चढवायचा असेल, तर बियांच्या वाटेला अजिबात जाऊ नका. रोप आणा, खड्डा खणा, लावा, दोन वर्षांत फुलं तोडा. बियांतून तो गुलाब कधीच मिळणार नाही. बियांतून मिळतो तो आजवर जगात कुठेच नसलेला गुलाब. बरा, वाईट किंवा अगदीच टाकाऊ, पण नवा. हा नवेपणाच हवा असेल त्याच्यासाठी पुढचं सगळं.

तापीच्या खोऱ्यात राहणाऱ्याला आणखीही एक कारण आहे. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत वेलगुलाब म्हणून जे विकलं जातं, त्यातलं बरंचसं युरोप-अमेरिकेच्या थंड हवेत जन्मलं, तिथेच निवडलं गेलं. तिथल्या माणसानं रोप निवडताना पाहिलं ते बर्फात ते टिकतं का. मे महिन्यात ४३ अंशांत पान करपतं का, हे पाहायची त्याला गरज नव्हती. आपल्या उन्हाला टिकणारा वेल हवा असेल, तर तो आपल्याच उन्हात निवडायला हवा, आणि निवड करायची तर समोर वेगवेगळी रोपं हवीत. वेगवेगळी रोपं फक्त बियांतून येतात.

आधी फसवणुकीचा विषय संपवू. ऑनलाइन बाजारात ‘वेली गुलाबाच्या बिया’ अशी पाकिटं स्वस्तात मिळतात. चित्रात भिंतभर निळी, काळी, इंद्रधनुषी फुलं असतात. निळा गुलाब निसर्गात नाही, कारण निळा रंग देणारं डेल्फिनिडिन हे रंगद्रव्य गुलाब बनवूच शकत नाही. जपानच्या सनटोरी कंपनीनं दुसऱ्या फुलाचं जनुक गुलाबात घालून वर्षानुवर्षं खटपट केली, तेव्हा २००९ मध्ये ‘अप्लॉज’ नावाचा गुलाब बाजारात आला आणि तोही निळ्यापेक्षा फिकट जांभळाच म्हणावा असा. इंद्रधनुषी गुलाब म्हणजे देठातून रंग पाजलेलं पांढरं फूल. अशा पाकिटातून काय उगवेल याचा भरवसा नाही. टोमॅटो उगवला तरी नवल नाही. आणि समजा त्या खरोखर गुलाबाच्याच बिया निघाल्या, तरी चित्रातलं फूल त्यांतून येणार नाही. ही पाकिटं विकत घेऊ नयेत, एवढंच.

गुलाबाच्या बीत एवढी अनिश्चितता का? बागेतला आजचा गुलाब हा शेकडो वर्षांच्या संकरांचा गुंता आहे. जंगली गुलाबाच्या पेशीत बहुधा ७ गुणसूत्रांचे २ संच, म्हणजे १४ गुणसूत्रं असतात. हायब्रिड टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या फुलांच्या गुलाबात ती २८ असतात, चार संच, तेही निरनिराळ्या पूर्वजांकडून आलेले. फूल फळात बदलताना हे संच पिसले जातात आणि प्रत्येक बीला वेगळा डाव वाटला जातो. एकाच फळातल्या दहा बियांतून लाल, गुलाबी, पांढरट, एकेरी पाकळ्यांची, गच्च पाकळ्यांची, सुगंधी, बिनवासाची अशी रोपं निघतात. फ्रान्सच्या फ्रान्सिस मेयाँनं १९३५ साली केलेल्या संकरातून एक रोप निघालं, त्याच्या वहीत त्याचा क्रमांक होता ३-३५-४०. दुसरं महायुद्ध संपता संपता, १९४५ मध्ये, ते ‘पीस’ या नावानं जाहीर झालं आणि विसाव्या शतकातला बहुधा सर्वांत गाजलेला गुलाब ठरलं. त्याच्या भावंडांची नावं आज कुणालाही ठाऊक नाहीत. बियांच्या खेळात हाच हिशोब असतो: एक ठेवायचं आणि बाकीची कंपोस्टच्या खड्ड्यात.

कधी कधी माणूस काही करतही नाही. हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटावर, तेव्हाच्या बूर्बों बेटावर, शेताच्या कुंपणाला गुलाबाची दोन जातींची झाडं शेजारी शेजारी लावलेली असत. १८१७ च्या सुमारास तिथे आलेल्या ब्रेओं नावाच्या फ्रेंच वनस्पतितज्ज्ञाला त्या कुंपणात एक निराळंच रोप दिसलं. कीटकांनी परस्पर जमवलेला हा संकर होता. त्याच्या बिया पॅरिसला गेल्या आणि त्यांतून बूर्बों गुलाबांचा अख्खा वर्ग उभा राहिला. आपल्याकडे गुलकंदाला आणि हारांना वापरला जाणारा ‘एडवर्ड’ गुलाब त्याच घराण्यातला. म्हणजे देवळाबाहेरच्या टोपलीतल्या फुलालाही कुंपणाकडेला रुजलेल्या एका बीचा इतिहास आहे.

आता वेलीकडे. बी पेरलं आणि वेल मिळाला, असं का होत नाही, याचं उत्तर गेल्या काही वर्षांत फार सुंदर रीतीनं उलगडलं आहे. मुळात जंगली गुलाब बहुतेक लांब फांद्यांचे असतात. दरवर्षी ते उंच वाढतात आणि वर्षातून एकदाच, वसंतात, फुलतात. चीनमधल्या बागांत शेकडो वर्षांपूर्वी असे गुलाब सापडले की जे बारमाही फुलत आणि बुटके राहत. २०१२ मध्ये एका संशोधक गटानं त्यामागचं जनुक शोधलं. ‘फुलू नको, आधी वाढ’ असा हुकूम देणारं एक जनुक गुलाबात असतं. चिनी गुलाबात त्या जनुकाच्या मधोमध डीएनएचा एक भटका तुकडा येऊन बसला आणि हुकूम बंद पडला. मग प्रत्येक फांदीच्या टोकाला कळी येऊ लागली. टोकाला कळी आली की त्या फांदीची लांबी तिथेच संपते. बारमाही फुलणं आणि बुटकेपण हे दोन्ही गुण एकाच बिघाडाची फळं.

उलटंही घडतं. बुटक्या गुलाबाच्या एखाद्या फांदीत तो तुकडा निसटतो, जनुक पुन्हा जागं होतं आणि ती एकच फांदी सुटल्यासारखी लांबच लांब वाढत जाते. माळी तिचा डोळा काढतो, खुंटावर भरतो, आणि त्या गुलाबाचा ‘क्लाइंबिंग’ अवतार बाजारात येतो. ‘ओल्ड ब्लश’ या जुन्या चिनी गुलाबाच्या वेली रूपात हाच प्रकार संशोधकांनी तपासून दाखवला. क्लाइंबिंग पीस, क्लाइंबिंग क्रिमसन ग्लोरी हेही बियांतून आलेले नाहीत. झुडपावर अवचित फुटलेल्या लांब फांदीतूनच ते आले. तिकडे अमेरिकेत, वर्षातून एकदाच फुलणाऱ्या ‘डॉ. डब्ल्यू. व्हॅन फ्लीट’ या वेलगुलाबाच्या एका फांदीनं पुन्हा पुन्हा फुलायला सुरुवात केली. तो ‘न्यू डॉन’ १९३० मध्ये बाजारात आला आणि १९३१ साली वनस्पतीला मिळालेलं जगातलं पहिलं पेटंट याच वेलगुलाबाच्या नावावर लागलं.

घरी बी पेरणाऱ्यासाठी यातून दोन गोष्टी निघतात. बागेतल्या नेहमीच्या बुटक्या, बारमाही गुलाबाचं बी पेरलं तर रोपं बहुतेक बुटकीच निघतील; वेल हवा तर आई किंवा बाप यांपैकी एक तरी वेल हवा. दुसरी गोष्ट जास्त कडू आहे. लांब वाढून वर्षातून एकदाच फुलण्याचा गुण वरचढ असतो. जंगली वेल आणि बारमाही झुडूप यांच्या संकराची पहिली पिढी बहुधा सगळीच वेली आणि एकफुली निघते. बारमाही फुलांचा गुण लपलेला असतो, तो बाहेर काढायला त्या पिढीचा आपसांत किंवा बारमाही गुलाबाशी पुन्हा संकर करावा लागतो. म्हणजे आणखी काही वर्षं. हे ऐकून ज्यांचा उत्साह मावळला त्यांनी रोप आणावं. त्यात कमीपणा नाही.

आई-बाप निवडण्याबाबत भारतात फार मोलाचं काम झालं आहे. डॉ. बी. पी. पाल हे गव्हाचे पैदासकार, १९६५ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झालेले. पण त्यांचा जीव गुलाबात होता. सरकारी काम आटोपल्यावर ते दिल्लीत गुलाबांचे संकर करत आणि त्यांनी शंभराच्या आसपास जाती काढल्या. होमी भाभांच्या नावाचा पांढरा गुलाब त्यांचाच, आणि ‘दिल्ली व्हाइट पर्ल’ हा वेलगुलाबही. पालांनी दाखवलं ते हे की उत्तर भारताच्या सपाट, उष्ण मुलखातही फळ धरतं, बी उगवतं आणि माणसाला निवड करता येते.

पुढचं पाऊल टाकलं ते विरू विराराघवन आणि गिरिजा विराराघवन या दांपत्यानं. विरू भारतीय प्रशासकीय सेवेत होते, ती मुदतीआधी सोडून ते कोडाईकनालला गुलाबांमागे लागले. त्यांचं म्हणणं अगदी साधं: उष्ण देशाला उष्ण देशातल्या जंगली गुलाबांचं रक्त हवं. असे दोन गुलाब भारतातच आहेत. पहिला रोझा जायगँशिया. जॉर्ज वॉट यांना तो १८८२ मध्ये मणिपूरच्या डोंगरांत दिसला. झाडांवर वीस-वीस मीटर चढणारा वेल, तळहाताएवढी पिवळसर पांढरी फुलं. दुसरा रोझा क्लिनोफायला, बंगाल-बिहारच्या ओल्या नदीकाठांवर वाढणारा, पांढऱ्या एकेरी फुलांचा. गुलाबाच्या जंगली जाती बहुतेक थंडीच्या मुलखातल्या. हा मात्र पाण्यात पाय ठेवून उकाड्यात उभा राहणारा. गुजरातच्या पलीकडच्या अबूच्या पहाडावरही तो जंगली वाढतो. विराराघवन दांपत्यानं या दोघांचे संकर करून अनेक जाती काढल्या. त्यांतल्या एका पिवळ्या गुलाबाला थोर वनस्पतिशास्त्रज्ञ ई. के. जानकी अम्मल यांचं नाव दिलं आहे. जायगँशियाचं रक्त असलेलं रोप कुठे मिळालंच, तर आपल्या हवेसाठी त्याहून चांगला जनक मिळणं कठीण.

ते न मिळाल्यास एक जनक कदाचित तुमच्या अंगणात आधीच असेल आणि तुम्ही तो दर महिन्याला कापून टाकत असाल. डोळा भरलेल्या गुलाबाच्या बुडातून, जोडाच्या खालून, कधी कधी वेगळ्याच पानांचे जोमदार फुटवे येतात. लोक म्हणतात, गुलाब जंगली झाला. तो जंगली झालेला नसतो. खालचा खुंट वर आलेला असतो. खुंट म्हणून वापरल्या जाणाऱ्या जातींपैकी एक रोझा मल्टिफ्लोरा, मूळचा वेलच, पांढऱ्या बारीक फुलांचे झुबके येणारा. फ्रान्सच्या गियो घराण्यानं मल्टिफ्लोरा आणि चिनी गुलाब यांच्या मिश्र संततीतूनच १८७५ मध्ये ‘पाकरेत’ हा पहिला पॉलिअँथा गुलाब आणला, छोट्या फुलांचा, सतत फुलणारा. मल्टिफ्लोराची गुणसूत्रं १४. त्यामुळे त्याचा जोडीदारही १४ वाला, म्हणजे जुना चिनी किंवा पॉलिअँथा, घ्यावा. १४ आणि २८ यांची गाठ घातली तर पोरं २१ ची निघतात. ती फुलतात बरी, पण पुढे फळ धरायला कुरकुरतात आणि तुमची दुसरी पिढी तिथेच अडते.

आता नंदुरबारचं वेळापत्रक. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात सहा तालुके आणि निदान दोन हवामानं आहेत. नंदुरबार, शहादा, तळोद्याचा तापीकाठ उन्हाळ्यात भट्टी होतो. अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात, सुमारे साडेअकराशे मीटर उंचीच्या तोरणमाळला किंवा डाबच्या पठारावर, कडाक्याच्या थंडीत पहाटे दव गोठल्याच्या बातम्या येतात. डाबकडे शेतकऱ्यांनी स्ट्रॉबेरीही करून पाहिली आहे. गुलाबाच्या बियांना हवी ती थंडी वर आहे, आणि बहुतेक अंगणं खाली आहेत. म्हणून थंडीचं काम घरातल्या फ्रिजनं करायचं.

पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरात, झुडपी गुलाबांची छाटणी होते आणि साधारण दीड महिन्यात बहर येतो. संकर त्याच बहरावर, डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात करावेत. फळ पिकायला साडेतीन-चार महिने लागतात. डिसेंबरात धरलेलं फळ मार्चअखेर ते एप्रिलात, ऊन टोकाला जाण्याआधी, हाती येतं. जानेवारी-फेब्रुवारीत उशिरा केलेले संकर एप्रिल-मेच्या झळांत सापडतात आणि फळं अर्धीकच्ची गळतात.

कृती सोपी आहे, पण घाईची नाही. आई म्हणून निवडलेल्या झाडावरची उद्या उमलेल अशी कळी घ्या. पाकळ्या हलक्या हातानं काढून टाका, आतले पुंकेसर छोट्या कात्रीनं कापून घ्या, मधला स्त्रीकेसरांचा झुबका तेवढा ठेवा आणि त्यावर कागदाची छोटी पिशवी बांधा. बाप म्हणून निवडलेल्या फुलाचे पुंकेसर कागदावर घेऊन रात्रभर घरात ठेवा. सकाळी त्यांतून पिवळी पूड सुटलेली असते. ती बोटाच्या टोकानं आईच्या चिकट झालेल्या झुबक्यावर लावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा लावली तर उत्तम. फांदीला चिठ्ठी बांधा, त्यावर आईचं नाव आधी, बापाचं नंतर आणि तारीख. पेन्सिलनं लिहा, शाई धुऊन जाते. तीन-चार आठवड्यांत फुलाखालचा भाग फुगला तर जमलं. पिवळा पडून गळाला तर नाही. अनेक गच्च पाकळ्यांच्या जातींत पुंकेसरच पाकळ्या होऊन बसलेले असतात. त्यांच्याकडून पराग मिळत नाही आणि फळाचीही फार आशा नसते.

एवढं करायचं नसेल तर मधमाशीवर सोडा. वेलगुलाब आणि जुना देशी गुलाब शेजारी लावा, फुलं तोडू नका, आपोआप धरलेली फळं घ्या. बाप कोण हे कळणार नाही, पण पहिल्या वर्षी शिकण्यासाठी हे पुरेसं आहे.

फळ नारिंगी किंवा लाल झालं की कापा. आत खाजरी लव असते, डोळ्यांना लागू देऊ नका. बिया काढून गर चांगला चोळून धुवा, कारण गरातच उगवण रोखणारी द्रव्यं असतात. धुतलेल्या बिया सावलीत सुकवून कागदी पुडीत, फ्रिजमध्ये ठेवा. लगेच पेरायचा मोह टाळा. एप्रिलच्या उष्म्यात गुलाबाचं बी उगवत नाही, आणि पावसाळ्यात उगवलंच तर दमटपणात कोवळी रोपं मर रोगानं कोलमडतात.

ऑगस्टच्या अखेरीस पुडी काढा. बिया एक दिवस पाण्यात भिजवा, मग मेडिकलमधल्या ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये थोडा वेळ बुचकळून स्वच्छ धुवा म्हणजे बुरशी कमी लागते. ओलसर टिश्यू कागदात गुंडाळून झिपच्या पिशवीत घाला आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, ४-५ अंशांत. फ्रीझरमध्ये मुळीच नाही. आठ ते दहा आठवडे. या काळात बीच्या कवचात असलेलं, उगवण अडवणारं आम्ल हळूहळू कमी होतं. झाडाच्या हिशोबानं एक हिवाळा सरतो. कोरडी थंडी चालत नाही, ओल लागतेच. दर आठवड्याला पिशवी उघडून पाहा, बुरशी दिसली तर पुन्हा धुवा. वीज तासभर गेली म्हणून काही बिघडत नाही.

दिवाळीच्या आसपास पेरणी. खोलगट ट्रेमध्ये कोकोपीट, धुतलेली जाड वाळू आणि चाळलेलं गांडूळखत, साधारण सेंटिमीटरभर खोल. ट्रे सकाळचं ऊन लागेल अशा जागी, वर उंदीर-चिमण्यांपासून जाळी. गुलाबाला उगवायला १५ ते २० अंश आवडतात आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री तापीकाठालाही ते मिळतं. सगळ्या एकदम उगवत नाहीत. काही पंधरा दिवसांत, काही दोन महिन्यांनी, काही पुढच्या हिवाळ्यात, आणि निम्म्याहून जास्त कधीच नाहीत. म्हणून ट्रे फेकून देऊ नका. आधी दोन गोलसर दलपत्रं येतात, मग दातेरी कडांची खरी पानं.

इथून पुढे नंदुरबारचा स्वतःचा प्रश्न सुरू होतो आणि तो मिरचीचा आहे. जिल्ह्याची ओळख मिरची. शहराबाहेरच्या पथारींवर ती लाल गालिच्यासारखी वाळत पडलेली असते. मिरचीवर चुरडा-मुरडा आणणारे जे फुलकिडे, त्यांतलीच एक जात गुलाबावरही तितक्याच आवडीनं येते. मिरचीचं शिवार जवळ असेल तर कोवळ्या रोपांचे शेंडे वाकडे, पानं वळलेली, कळ्या करपलेल्या दिसतात. लोक याला उन्हाचा चटका समजतात. शेंडा पांढऱ्या कागदावर झटकून पाहा, बारीक पिवळट किडे पळताना दिसतील. निळे चिकट सापळे, पाच टक्के निंबोळी अर्क आणि रोपांवर पातळ जाळी, एवढ्यावर बऱ्यापैकी भागतं. जिल्ह्यात कोळदे इथे कृषी विज्ञान केंद्र आहे; तिथे मिरचीवरच्या फुलकिड्यांचा सल्ला विचारला तरी तो गुलाबाला लागू पडतो. हिवाळ्यात भुरी येते, तिला हवा खेळती ठेवणं हाच पहिला उपाय.

दुसरी अडचण काळ्या जमिनीची. तापीकाठची भारी, चुनखडीयुक्त माती आणि बोअरचं जड पाणी यांत गुलाबाला लोह मिळत नाही. पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. बियांतून आलेलं रोप स्वतःच्या मुळांवर उभं असतं आणि ती मुळं या मातीला चालतील याची खात्री नसते. म्हणून रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की त्याचे दोन-तीन डोळे ओळखीच्या माळ्याकडून खुंटावर भरून घ्यावेत. मूळ रोप गेलं तरी गुलाब जात नाही.

बारमाही रक्ताचं रोप उगवल्यापासून दोन-तीन महिन्यांत पहिली कळी दाखवतं, जेमतेम वीतभर उंचीवर. ते फूल पाहून निकाल देऊ नये. पुढे पाकळ्या वाढतात, आकार सुधारतो. वेल होणारी रोपं मात्र पहिल्या वर्षी फुलतच नाहीत. नुसत्या लांब, हिरव्या फांद्या टाकत राहतात आणि घरातली माणसं ‘हे काय वाढवतोयस’ म्हणून विचारू लागतात. दुसऱ्या, कधी तिसऱ्या वर्षी, फेब्रुवारी-मार्चमध्ये फूल येतं. रोपांच्या ट्रेत जे फुलत नाही ते उपटायचं, अशी सवय असलेल्या माळ्यानं नेमके सगळे वेलच फेकून दिलेले असतात.

गुलाबाला तणावे नसतात. तो काट्यांनी अडकतो, पण भिंतीवर स्वतः चढत नाही. त्याला बांधावं लागतं. पश्चिमेची भिंत देऊ नका, दुपारी तापलेली भिंत रात्री उशिरापर्यंत उष्णता ओकत राहते. पूर्वेची भिंत, नाहीतर मोकळा तारेचा मांडव बरा. फांद्या सरळ वर नेल्या तर फक्त टोकाला फुलं येतात. त्या आडव्या वाकवून बांधल्या की टोकाचं वर्चस्व मोडतं, प्रत्येक डोळा फुटतो आणि फांदीभर फुलं लागतात. आपल्याकडच्या निम्म्या वेलगुलाबांना फुलं कमी येतात ती खतामुळे नव्हे, या एका गोष्टीमुळे.

आणि मग निवड. ही सर्वांत अवघड, कारण स्वतः पेरलेलं रोप उपटवत नाही. तरी उपटा. मे महिन्यात ज्याची पानं टिकली, जूनच्या पहिल्या पावसानंतर ज्यानं पुन्हा कोंभ टाकले, ते ठेवा. फूल थोडं साधं असलं तरी चालेल. देखणं फूल आणि उन्हात मान टाकणारं झाड, असे गुलाब बाजारात भरपूर आहेत.

समजा, एखादं रोप खरंच उतरलं, तर ते अंगणातच राहिलं पाहिजे असं नाही. पुण्यात भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचं पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय आहे. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याखाली सामान्य शेतकऱ्यालाही आपला वाण नोंदवता येतो, आणि गुलाब त्या पिकांत आहे. जागतिक पातळीवर गुलाबांची नावं नोंदवण्याचं काम अमेरिकन रोझ सोसायटीकडे असतं. तोरणमाळ, अस्तंबा, गोमाई अशी इथलीच नावं गुलाबाला वाईट शोभणार नाहीत.

पण ते पुढचं. यंदाच्या डिसेंबरात झाडावरची सगळी फुलं देवाला वाहू नका. प्रत्येक झाडावर दोन-चार तशीच सुकू द्या, आणि कोणत्या झाडाला फळ धरतं ते फेब्रुवारीपर्यंत पाहत राहा. आई कोण करायची, हे त्याशिवाय ठरत नाही.